वीतभर आणि दोन बोटं

नवजात बाळ नेमकं केवढं असतं हे या जगात कोणालाही माहीत नाही, आणि सांगायला मात्र प्रत्येक जण तयार असतो. ज्यांना मुलं झालीत ते दोन्ही हात हवेत धरून "एवढं" असं दाखवतात. त्या दोन हातांमधलं अंतर मी बारकाईने पाहिलंय. कोणाच्या हातांत मांजराचं पिल्लू मावेल, कोणाच्या हातांत शिलाई मशीन. ज्यांना मुलं नाहीत ते तर आणखी खात्रीने दाखवतात. मी वजनमापे खात्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस. दुकानदाराची मीटरपट्टी केसभर आखूड निघाली तरी जप्त करायचो. "एवढं" हे माप मला चालत नाही. चालायचं नाही, असं म्हणू.

झालं असं, की लेकीच्या बाळंतपणाला अजून चांगला अवकाश होता आणि माझी बायको माळ्यावरची लोकर काढायला स्टुलावर चढली. आधी लोकर खाली आली, मग स्टूल आलं, मग बायको आली. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. डॉक्टर हाड बसवत होते तेव्हा हूं की चूं केलं नाही तिने. घरी आली, टेबलावर विणायच्या सुया दिसल्या आणि घळाघळा रडायला लागली.

आमच्या इमारतीतल्या निम्म्या पोरांनी जगात आल्या आल्या अंगावर घातलं ते माझ्या बायकोच्या हातचं. नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या, आणि ज्यांचे आईबाप आता जिन्यात भेटले तर ओळख दाखवत नाहीत अशांच्याही. आणि स्वतःच्या लेकीची पाळी आली तर हात गळ्यात!

"दवाखान्यातून घरी येताना पोराच्या अंगावर आपल्या घरचं काहीतरी असायला हवं," ती नाक पुसत म्हणाली. "नाहीतर मी आजी कसली?"

"विकत आणू की."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजी विकत आणू म्हणालो होतो.

"बरं, मग मी विणतो," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. पण तिचं रडणं थांबलं आणि ती हसायला लागली. त्यामुळे माघार घ्यायचा रस्ता बंद झाला. रडणाऱ्या बायकोसमोर माणूस शब्द फिरवू शकतो, हसणाऱ्या बायकोसमोर नाही.

पुढचे दिवस मी त्या दोन सुयांशी जे युद्ध केलं त्याचं वर्णन करत नाही, कारण त्यात माझी बाजू हरत होती. बायको गळ्यात हात अडकवून शेजारच्या खुर्चीत बसायची आणि नुसत्या हनुवटीने हुकूम सोडायची. सुलट. आता उलट. उलट म्हणजे उलट हो, लोकर पुढे घ्या! टाका सुटला. कुठे? तिथे. नाही, खाली, तिथे. उसवा. या शेवटच्या शब्दावर तिचं विशेष प्रेम होतं. संध्याकाळपर्यंत मी दोन इंच विणायचो, आणि तिने चष्मा लावला की त्यातले अडीच इंच जायचे.

तर माप. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "किती टाके घालू?"

"पुरतील इतके."

"इतके म्हणजे किती?"

"मी कधी मोजलेत? पाठ रुंदीला वीतभर आणि दोन बोटं. उंची सव्वा वीत. बाही वीतभराला दोन बोटं कमी. आजवर एकाही बाळाने तक्रार केली नाही."

मी उजवा पंजा ताणला, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सुईवर ठेवला, त्यापुढे दोन बोटं टेकवली, आणि तेवढी सुई भरेपर्यंत टाके घालत गेलो. विणताना टाके सुईवर दाटीवाटीने गोळा होतात, त्यामुळे अंदाज येत नाही. तिला नाही आला, मला तर नाहीच नाही. शेवटी एकदाची पाठ पूर्ण झाली. मी टाके बंद केले आणि ती पलंगावर पसरली. त्या वेळी समोरच्या फ्लॅटमधली बाई आलेली होती. तिचं प्रत्येक वाक्य "पण"ने सुरू होतं म्हणून मी तिला मनात पणताई म्हणतो. वरच्या मजल्यावरचे मास्तरही होते. निवृत्त आहेत, पण शिकवणं सुटलेलं नाही.

बायकोने पलंगाकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"पाठ."

"कोणाची? जावईबापूंची?"

"तू सांगितलंस तशीच. वीतभर आणि दोन बोटं."

"अहो, माझी वीत!"

मी माझ्या पंजाकडे पाहिलं. हा पंजा मोठा आहे. खात्यात असताना मी टेबलावर हात आपटला की दुकानदाराची मापं आपोआप बाहेर यायची. जन्मभर दुसऱ्यांच्या पट्ट्या तपासल्या, आणि स्वतःची पट्टी कोणी तपासली नाही.

"छान झालंय हो काटेसाहेब!" मास्तर म्हणाले. काटेसाहेब हे माझं नाव नाही. तराजूच्या काट्यावरून इमारतीने ठेवलंय. "मुलं झपाझप वाढतात. नवजाताचं माप घेणं म्हणजे लोकर वाया घालवणं. हे शाळेत जाईपर्यंत चालेल."

"पण मास्तर, बाळ काय शाळेतून घरी आणायचंय?" पणताई म्हणाली. मग ती माझ्या बायकोकडे वळली. "पण काकू, प्लास्टर उजव्या हाताला आहे ना? डावा हात तर चांगलाय. त्याची वीत का नाही दिली?"

बायकोने डावा हात वर केला. त्याच्याकडे असं पाहिलं, जसा तो तिला आत्ताच कोणीतरी आणून दिलाय. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस आम्ही दोघं शहाणी माणसं समोरासमोर बसून होतो, आणि चहाची कपबशी ती त्याच डाव्या हाताने धरत होती.

पणताईवर मी त्या दिवशी फार चिडलो. जी गोष्ट आपल्याला सुचायला हवी होती ती दुसऱ्याला सुचली, की राग येतोच. न येणाऱ्याचा मला संशय येतो. आता मात्र तिचे आभार मानतो. तेव्हा नुसतं "हं" म्हणालो होतो.

एवढ्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण डावी वीत पसरून बायको म्हणाली, "ही जरा आखूड आहे."

"किती आखूड?"

"जरा."

"जरा" ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मोजपट्टी खिशात घातली आणि सरळ दवाखान्यात गेलो, जिथे लेकीचं नाव घातलं होतं. जिथे रोज बाळं जन्मतात तिथे बाळाचं माप माहीत असणार, असा माझा साधा समज होता. खिडकीवर मोठ्या अक्षरांत 'चौकशी' लिहिलेलं होतं.

"पेशंटचं नाव?" खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"पेशंट अजून जन्माला यायचाय."

"मग जन्माला आल्यावर या."

"तेव्हा उशीर होईल. मला फक्त नव्या बाळाच्या छातीचा घेर हवाय. सरासरी."

आता त्याने मान वर केली. "तुमचा पेशंटशी संबंध काय?"

"कोणत्या पेशंटशी?"

"तेच मी विचारतोय."

"वर 'चौकशी' लिहिलंय ना?"

"दाखल असलेल्याची चौकशी. सरासरीची चौकशी आत, रेकॉर्डला."

रेकॉर्डच्या बाईने ऐकून घेतलं आणि अर्ज करायला सांगितला. अर्जात माहिती मागण्याचं कारण लिहायचं होतं. मी म्हणालो, "स्वेटर." तिने समोरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "कारणांमध्ये स्वेटर नाही."

मी जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. बाहेरून ती केवढी उंच असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग मी जे केलं ते सरळ होतं, फक्त दिसायला वाईट होतं. ओसरीत लस टोचून घ्यायला आलेल्या आया बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या मांडीवर एक गुबगुबीत ऐवज झोपला होता. मी वाकलो, मोजपट्टी काढली आणि विचारलं, "बाई, जरा छाती मोजू का?"

बाळाची, हा शब्द राहून गेला.

ती ओरडली. शेजारची तिच्यासाठी ओरडली. रखवालदाराने येऊन माझं कोपर धरलं. "मी वजनमापे खात्याचा निरीक्षक आहे," मी म्हणालो, तसं त्याने कोपर सोडलं. "निवृत्त," मी म्हणालो, तसं परत धरलं. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

त्या गोंधळात तिथल्या मोठ्या सिस्टर आल्या. कमरेवर हात, कपाळावर आठी. मी सगळं सांगितलं: मनगट, वीत, जावईबापूंची पाठ, कारणांमध्ये नसलेला स्वेटर. त्यांची आठी हळूहळू विरघळली. त्या इतक्या हसल्या, की ओरडणारी आईसुद्धा हसायला लागली आणि तिनेच पोराला माझ्यापुढे धरलं. "घ्या आजोबा, मोजा." पोराने मोजपट्टीचं टोक मुठीत पकडलं ते सोडेना. खात्यात असताना माझ्या हातून पट्टी काढून घेणारा कोणी भेटला नव्हता.

"तुमचं याच्याहून लहान असेल," सिस्टर म्हणाल्या. "किंवा नसेल. पुढून उघडा ठेवा, डोक्यातून घालायचा नको. गळा सैल. आणि आत हात फिरेल इतकी जागा."

"म्हणजे नेमकं किती सेंटिमीटर?"

"आजोबा, बाळं नेमकी येत नाहीत."

माझा अपमान झाला असं मला वाटलं. पण घरी येऊन त्यांनी सांगितलं तसंच केलं. त्या पोराच्या छातीपेक्षा थोडं कमी, बायकोच्या डाव्या वितीपेक्षा थोडं जास्त. त्यात एक नवी भानगड कळली. मी चिडलो की माझी वीण घट्ट होते. कारकुनावर चिडून विणलेली बाही दुसरीपेक्षा आखूड निघाली. बायको तर पुढे पुढे विणीवर बोट फिरवून सांगायला लागली, "इथे पाणी गेलं होतं. इथे मास्तर येऊन बसले होते. आणि ही ओळ मऊ आलीय, इथे लेकीचा फोन आला होता." सगळं बरोबर. उसवा!

टोपरं विणून झालं तेव्हा डोक्याचा अंदाज यावा म्हणून ते कोबीच्या गड्ड्यावर चढवून पाहिलं. छान बसलं. नंतर मी तो कोबी चिरायला घेतला तर बायको म्हणाली, "मला नाही खाववायचा. त्याला मी टोपऱ्यात पाहिलंय." कोबी मास्तरांकडे गेला.

शेवटी स्वेटर झाला. दोन्ही बाह्या सारख्या. बायकोने चष्मा लावून उलटसुलट पाहिला आणि काहीही म्हणाली नाही. ती काहीही म्हणाली नाही याचा अर्थ मला ताम्रपट मिळाला. तारखेला अजून पुष्कळ दिवस होते. मी घडी घालून तो कपाटात ठेवला आणि खुर्चीत जरा ताठ बसायला लागलो.

आणि एका दुपारी जावयाचा फोन आला. "बाबा, मुलगी झाली." मी ओरडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "लवकर झालीय. फार लहान आहे."

काचेच्या पेटीत होती. आम्ही बाहेरून पाहिलं. मी ज्यांना ज्यांना "एवढं" म्हणून हात दाखवल्याबद्दल मनात शिव्या दिल्या, त्यांतल्या कोणाच्याही हातांत एवढं कमी अंतर नव्हतं. मुठीएवढं डोकं. माझ्या बोटाएवढे दंड. नळ्या, पट्ट्या, आणि मध्ये ती, झोपलेली. बायकोने तिचा चांगला हात काचेवर ठेवला, सगळी बोटं पसरून. पोरगी त्या वितीच्या आत मावत होती.

आम्ही लेकीजवळ गेलो. तिने पहिलं विचारलं, "बाबा, आणलात?"

पिशवी मी पाठीमागे धरली होती. "आणलाय. पण माप चुकलं गं."

"दाखवा तर."

काढून दाखवला. तिने तो गालाला लावला आणि डोळे मिटले. मला ते बघवेना. मी म्हणालो, "दे इकडे. उसवतो. उद्यापर्यंत लहान करून आणतो. अर्धे टाके, बारीक सुया, बस."

"उसवायचं नाही," बायको म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. इतके दिवस ज्या बाईने मला एक ओळ धड पुढे जाऊ दिली नाही, ती म्हणत होती, "एक टाकासुद्धा उसवायचा नाही."

"अगं, तिच्यासारख्या दोन मावतील त्यात!"

"मावू देत."

"तिला घालणार काय मग? तूच म्हणालीस ना, घरी येताना अंगावर—"

"येईल ना ती घरी?" बायको म्हणाली. हे मला नव्हतं विचारलं. लेकीने माझं बोट घट्ट धरलं.

मागून मोठ्या सिस्टरचा आवाज आला. "आजोबा, हा वॉर्ड आहे. आणि स्वेटर लहान करायचा नसतो, बाळ मोठं करायचं असतं. ते आमचं काम. तुम्ही गप्प बसा."

गप्प बसा, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय. वरिष्ठांनी सांगितलंय, व्यापाऱ्यांच्या वकिलांनी सांगितलंय. मी कोणाचंही ऐकलेलं नाही. सिस्टरचं ऐकलं. बाहेरची लोकर पेटीपाशी न्यायची नाही असा नियम होता, म्हणून त्यांनी स्वेटर लेकीच्या खाटेच्या दांडीला अडकवू दिला, तिला पडल्या पडल्या दिसेल असा.

त्यानंतर आम्ही रोज जायचो. आणि ज्यांना मी वर नावं ठेवलीत त्यांच्याबद्दल आता उरलेलं लिहितो, कारण नावं ठेवून पळून जाणारा मी नाही. मास्तर दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले उतरून रोज आमचा डबा पोचवायचे, आणि शिकवायचे नाहीत. पणताई लेकीजवळ बसायची. तिच्या केसांतला गुंता सोडवत "पण रडायचं कशाला" म्हणायची आणि स्वतः रडायची. तिने बायकोला हसवलं, जे मला जमलं नव्हतं. खिडकीतला तो कारकून आता माझं नाव विचारत नसे. मी दिसलो की मान वर करायचा. "आज?" एवढंच. मी हाताने खुणावायचो, थोडं वर. तो हसून पुन्हा कागदांत डोकं घालायचा. या माणसाच्या रागाने मी एक अख्खी बाही आखूड विणली होती.

बाळाला रोज काट्यावर ठेवायचे. काटा म्हणजे माझा प्रांत. काट्यावर संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. तो सपाट आहे का, शून्यावर येतो का, शिक्का ताजा आहे का, हे मी भाजीवाल्याच्या दारातही पाहतो. बायकोला त्याची लाज वाटते. त्या काचेच्या पलीकडे आकडा पहिल्यांदा किंचित पुढे गेला तेव्हा मी त्या काट्याला काहीही विचारलं नाही. शून्याकडे पाहिलं नाही, शिक्का शोधला नाही. मी विश्वास ठेवला आणि जिन्यात जाऊन नाक शिंकरलं.

ती घरी आली तेव्हा थंडी होती. बाह्यांना घडीवर घडी घालून तिचे हात बाहेर काढावे लागले. स्वेटर तिच्या पायांच्याही खाली जात होता. टोपरं नाकावर येत होतं. कोबी खरोखरच थोराड होता. रिक्षातून उतरल्यावर पणताई म्हणाली, "पण यात बाळ आहे ना?" त्यावर आम्ही सगळे हसलो, आणि आत बाळ होतं.

लेक आमच्याकडेच राहिली. पोरगी प्यायची, झोपायची, पुन्हा प्यायची. अधूनमधून बाहीची एक घडी उलगडली जायची. त्या वेळी घरात कोणी काही बोलत नसे. उगाच दृष्ट लागल्यासारखं व्हायचं. बायकोचं प्लास्टर निघालं, हात वाळून काडी झाला होता. तोही हळूहळू भरला.

आणि मग परवा सकाळी पोरीला डॉक्टरांकडे तपासायला न्यायचं होतं. लेक आतल्या खोलीत तिला तयार करत होती. एकाएकी अशी किंकाळी आली, की मी पेपर टाकून धावलो. एक हात बाहीत अर्ध्यावर अडकला होता, दुसरा आत जायला तयार नव्हता. पुढची बटणं काजांपासून इतकी लांब होती, की त्यांची भेट व्हायची शक्यता नव्हती. पोरगी लालबुंद. पाय झाडत होती. मुठी आवळून आम्हा सगळ्यांना शिव्या देत होती.

"होत नाहीये, बाबा," लेक म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं. नाही होत."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

बायको दारात आली होती. ती काही न बोलता भिंतीला टेकली आणि पदर डोळ्यांना लावला. जिन्यात पावलं वाजली. वरून मास्तर आले, समोरून पणताई आली, काय झालं, काय झालं करत. मी दार उघडून छाती काढून सांगितलं, "स्वेटर होत नाही तिला! लहान पडतो!" मास्तरांनी माझा हात धरून जोरात हलवला, जसा मी कुठेतरी निवडून आलोय.

आत पोरगी अजून ओरडत होती. गळा आवळतोय, बाही टोचतेय, हे कोणी विणलं, असं तिचं एकंदरीत म्हणणं असावं. मापाबद्दल अशी थेट तक्रार माझ्याविरुद्ध आजवर कोणी केली नव्हती. मी तिच्यासमोर बसलो, हात जोडले, आणि तिचं होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं.